कुनघाडकरांची सागवानी दारं

आलापल्लीत धनराज कुनघाडकरांच्या घरी पाहुणा आला आणि त्यानं रस्त्यावरूनच "भाऊ, हाय का घरी?" अशी हाक मारली, तर आतून उत्तर म्हणून येत नसे. भाऊ पुढच्याच खोलीत खुर्चीवर बसलेले असायचे, पण हूं नाही की चूं नाही. पाहुण्यानं दार वाजवलंच पाहिजे! वाजवलं की भाऊ हसत हसत उघडायचे आणि नमस्काराच्याही आधी विचारायचे, "आवाज आयकला? आखीन एकदा वाजवा!"

पाहुणा बिचारा पुन्हा वाजवायचा. ठण्ण!

"सागवान हाय सागवान! आतून बाहीरवून!"

तर अशी ही दारं. पुढचं दोन फळ्यांचं, एक मधलं, एक मागचं. बाकी घराबद्दल न बोललेलं बरं. कौलं गळायची, भिंतींचे पोपडे भाजीत पडायचे आणि मोरीचा उतार असा होता, की आंघोळीचं पाणी स्वयंपाकघरात चौकशीला यायचं. पण दारं पाहून घ्यावीत! वाघानं धडक दिली तर टेंगूळ वाघाच्याच कपाळाला यायचं.

सागवानाचा हा अभिमान नोकरीतून आला होता. भाऊंनी उभी हयात जंगलातल्या रस्त्यावर, लाकूड तपासणीच्या नाक्यावर काढली. कारकून म्हणून लागले, कारकून म्हणूनच निवृत्त झाले, पण मधल्या काळात साहेब असल्यासारखं वागून घेतलं. वनखात्याचा पास नसलेला पोळपाटसुद्धा त्यांच्या नाक्यावरून पुढे सरकला नाही. एकदा तर त्यांनी लग्नाची वरात अडवून नवरीचा सागवानी पलंग खाली उतरवला होता. नवरी सासरी गेली, पलंग नाक्यावर! रीतसर पास निघून पलंग सासरी पोचला तेव्हा तिथे बारशाची तयारी चालली होती. ही गोष्ट भाऊ चारचौघांत फार अभिमानानं सांगत.

भाऊंच्या बायकोला, सुगंधाबाईंना, मात्र ना दारांचं कौतुक होतं ना पलंगाचं. त्यांची मुलगी रीता चामोर्शीला दिली होती. नातवंडं शाळेतून येतील, आपण त्यांना गरम भात वाढू, एवढी एकच गोष्ट त्या बाईनं आयुष्यात मागितली होती आणि ती मागून मागून तिचे गुडघे दुखायला लागले होते. शेवटी रीताच्याच गल्लीत देवाजी सातपुत्यांचं घर विकायला निघालं, आणि भाऊंनी एकदाचं मनावर घेतलं.

मनावर घेतलं म्हणजे काय, भाषणच सुरू केलं! "लोकं घर विकाले दोन-दोन साल चकरा मारते. मी एकाच दिवशी विकतो अन् एकाच दिवशी घेतो! सकाळी इकडे सही, दुपारी तिकडे सही. डोकं लागते, डोकं!"

डोकं कसं लावलं तेही पाहा. चामोर्शीला देवाजींचं घर पाहायला गेले. घर छान होतं, पक्कं, उजेडाचं, अंगणात हातपंप. नाव ठेवायला जागाच नाही म्हणताना भाऊंनी दारं धरली.

"हे दार हाय का पापड? असे दारं तं मी उतरवून चुलीत घालीन! हे धरून भाव नोका लावू."

देवाजी म्हणजे शांत माणूस. त्यांनी पानाला चुना लावत विचारलं, "म्हंजे हे दारं नाई पायजे तुमाले?"

"फुकट देल्ले तरी नाई!"

देवाजींनी मान हलवली, भाव थोडा उतरवला आणि इसार म्हणून आगाऊ पैसे घेतले. वर सांगून ठेवलं, "बुधवारपावेतो पैशे आले पायजे, भाऊ. नाई आले तं गुरुवारी दुसरा गिऱ्हाईक उभा हाय. अन् इसार परत भेटत नसते."

पैसे यायचे होते आलापल्लीचं घर विकून. तिथं गिऱ्हाईक होतं चौकातला कापड-दुकानवाला कमरुद्दीन. तो दोनदा घर पाहून गेला होता. भाऊंनी त्याला विहीर दाखवली, पेरूचं झाड दाखवलं, गळणाऱ्या कौलांना "हवेशीर" म्हणून दाखवलं. कमरुद्दीन "हाव, हाव" म्हणत होता आणि त्याचा हात सारखा दारावरून फिरत होता.

"अवो, तो मानूस घर नाई पाहून राह्यला," सुगंधाबाई म्हणाल्या. "दार पाहून राह्यला."

"घरात याचं-जायाचं म्हटलं तं दाराले हात लागतेच! तुले का समजते त्यातलं?"

सौदा ठरला. बुधवारी सकाळी रजिस्ट्री. झालं असतं सगळं सुरळीत! पण सोमवारी भाऊंच्या डोक्यानं पुन्हा उचल खाल्ली.

"मी घर विकलं," ते चहा पिता पिता म्हणाले. "दार कुठी विकलं?"

सुगंधाबाईंनी कपाळाला हात लावला, पण भाऊ तोवर झिंगू सुतारापर्यंत पोचलेसुद्धा होते. झिंगूनं तिन्ही सागवानी दारं उतरवली आणि त्यांच्या जागी गुपचूप आणलेली प्लायची दारं बसवली. भाऊंनी स्वतः ब्रश घेऊन त्यांना सागवानी रंग फासला, लाकडाच्या गाठी रंगवल्या, रेषा काढल्या. लांबून पाहिलं तर फसावं असं काम झालं. वाजवून पाहिलं, तर भद्! उशीवर बुक्की मारावी तसा आवाज!

"कमरुद्दीन वाजवते कायले? त्याच्याजवळ किल्ली राहीन!" भाऊ म्हणाले.

मंगळवारी सकाळी, सामान तोवर रीताकडे ठेवायचं म्हणून, टेम्पो भरला. खाली दारं, वर गाद्या, गाद्यांवर कपाट, कपाटावर तुळशीचा डबा.

"अवो, पास काढला का दारायचा?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"मी पास काढू? मी? या रस्त्यावर पास म्हंजेच मी होतो!"

खरं कारण वेगळं होतं. पास काढायचा तर घरी तपासणी येणार, उतरवलेली दारं पाहणार, आणि दुपारपर्यंत ती बातमी चौकात कमरुद्दीनच्या गादीवर पोचणार. म्हणून भाऊ ड्रायव्हरशेजारी छाती काढून बसले, कडेला सुगंधाबाई, आणि निघाले.

नाक्यावर दांडा आडवा होता. वनरक्षक उर्वशी गेडाम टेम्पोजवळ आली. तिनं एक गादी वर केली आणि नाक पुढे करून वास घेतला.

"काका, पास?"

"अगं, मी कुनघाडकर!"

"म्हनूनच इचारून राह्यली. दुसरा कोनी असता तं मी समजून घेतलं असतं का त्याले मालूम नसन म्हनून."

"माझ्या घरचे दारं हाय ते! जुने!"

"पलंगई घरचाच होता, काका," उर्वशी म्हणाली. "माझ्या बहिनीचा."

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या वरातींतून नेमकी हीच वरात परत यायची होती!

उर्वशीनं आवाज चढवला नाही, की मागचं आणखी काही उगाळलं नाही. नियमानं जे करायचं तेच ती करत होती, आणि भाऊंना तेच जास्त झोंबलं. "आपन असं करू," ती म्हणाली, "तुमच्या घरी जाऊ. दारं उतरवलेल्या रिकाम्या चौकटी दोन पंचायले दाखवू. लिहून घेऊ. विषय खतम. चौकटी तं रिकाम्याच असन ना?"

चौकटी कुठल्या रिकाम्या!

टेम्पो मागे वळला. उर्वशी आणि तिच्या सोबतचा माणूस मोटारसायकलवर पुढे. आलापल्लीत शिरता शिरता तिनं चौकातूनच पंच उचलले. एक झिंगू सुतार, कारण लाकडाचा जाणकार. दुसरा प्रतिष्ठित व्यापारी, म्हणजे अर्थातच कमरुद्दीन!

सगळे घरासमोर उभे राहिले. घराला दारं होती. तिन्ही जागच्या जागी, उन्हात चकाकत!

"काका," उर्वशी म्हणाली, "इथी तं दारं हायेत. मंग टेम्पोतले कोनाचे?"

आता आली का पंचाईत! टेम्पोतली दारं आपली नाहीत म्हणावं, तर निवृत्त नाकेवाला सागवान चोरून नेताना सापडला. आपली आहेत म्हणावं, तर ही चौकटीतली कोणाची? झिंगू पेरूच्या झाडाकडे असा पाहत होता, जसं त्यानं आयुष्यात पेरू पाहिलाच नव्हता.

"बसून बोलू ना आपन," भाऊ म्हणाले. "चाय घेऊ."

तेवढ्यात कमरुद्दीन पुढे झाला. वर्षानुवर्षांची सवय, कुनघाडकरांच्या घरी यायचं तर दार वाजवायचं! त्यानं बोट वाकवलं आणि वाजवलं.

भद्!

कमरुद्दीननं आधी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मग पुन्हा वाजवलं. भद्! त्यानं दाराला नाक लावलं, आणि नाक मागे घेतलं तेव्हा नाकाच्या शेंड्याला सागवानी रंग लागला होता.

"धनराजभाऊ," तो हळू आवाजात म्हणाला, "दाराची तब्येत बरोबर नाई का?"

"पावसाळ्यानं... म्हंजे ओल..."

"काका, एकच सांगा," उर्वशी म्हणाली. "हे दार खरं का ते दार खरं?"

भाऊंनी झिंगूकडे पाहिलं, झिंगूनं पेरूकडे. शेवटी सुगंधाबाईच टेम्पोतून उतरल्या. गुडघा धरत धरत आल्या आणि सरळ कमरुद्दीनसमोर उभ्या राहिल्या.

"ते खरं. हे प्लाय हाय, कमरुभाऊ. रंग यायनं लावला, डबा म्या धरला. म्हंजे मीई त्यातच हाय." त्यांनी टेकायला चौकट धरली. "पन तुमी घर सोडू नोका. उद्या सही नाई झाली तं माझं चामोर्शीचं घर जाते. मले काई नाई पायजे, बाप्पा, नातवायले एक टाइम भात वाढाचा हाय. दारं मी जिथली तिथी बसवून देतो का नाई, पाहा!"

कमरुद्दीननं रुमालानं नाक पुसलं.

"बाई, मी घर कुठी घेऊन राह्यलो?" तो म्हणाला. "मी तं दारच घेऊन राह्यलो होतो. घरवाली नूरी म्हनते, कौलं बदलता येते, भिंती लिपता येते, असं दार परत भेटनार नाई. घर दाराच्या मांगं फुकट येऊन राह्यलं होतं!"

एवढं बोलणं होऊनही भाऊंना त्यातल्या त्यात दाराची स्तुती झाल्याचा आनंद झाला, हे इथं नमूद केलं पाहिजे.

उर्वशीनं लिहून घेतलं: दारं याच चौकटींतली, परत याच चौकटींत बसवावी. झिंगूनं प्लाय उतरवलं, सागवान चढवलं. दुसऱ्यांदा मजुरी घेताना त्यानं तोंड मोठं गंभीर ठेवलं. कमरुद्दीननं ठण्ण करून वाजवून पाहिलं आणि बुधवारी सकाळी मुकाट्यानं सही केली. दुपारी देवाजींचीही सही झाली. एकाच दिवशी घर विकलं आणि एकाच दिवशी घर घेतलं! भाऊंची छाती पुन्हा हळूहळू फुगायला लागली.

नव्या घराशी टेम्पो थांबेपर्यंतच ती फुगली. घर छान होतं, पक्कं, उजेडाचं. आता तर जास्तच उजेडाचं होतं, कारण त्याला दारच नव्हतं! पुढचं नाही, मधलं नाही, मागचं नाही. रस्त्यावर उभं राहिलं की परसातला हातपंप दिसत होता. शेजारची शेळी पुढून आत गेली, घर पाहिलं, आणि मागून बाहेर पडली. रीताच्या पोरांनी तर शेळीमागे तोच रस्ता धरून खेळ मांडला.

भाऊंनी देवाजींना फोन लावला. "दारं कुठी?"

"तुमी चुलीत घालतो म्हनले ना!" देवाजी शांतपणे म्हणाले. "म्हटलं, तुमाले तरास कायले? शेतावरच्या घराले लावून टाकली. लय मस्त बसली!"

"अवो, पन बिना दाराचं घर इकते का कोनी?"

हे बोलून झाल्यावर भाऊंना जाणवलं, की सुगंधाबाई आपल्याकडे बघताहेत. भाऊंनी फोन ठेवून दिला.

ती रात्र दोन चादरी आणि एका आडव्या कपाटावर निभावली. सकाळी दारात, म्हणजे दार असायला हवं होतं तिथं, एक टेम्पो थांबला. आत तिन्ही प्लायची दारं!

"कमरुभाऊनं पाठोले," ड्रायव्हर म्हणाला. "म्हने, तुमची दारं राहून गेली होती. इकडे बेकारच पडून हायेत."

सुगंधाबाई आत तांदूळ धुवत होत्या. त्या तिथंच पोट धरून हसायला लागल्या. भाऊंनी मात्र घसा साफ करून विचारलं, "नाक्यावर अडवलं असन?" त्या आवाजात थोडी आशा होती.

"नाई भाऊ. त्या म्याडमनं एकदा वाजवून पाह्यलं अन् दांडा वर केला. म्हने, जाऊ द्या, याले कोन इचारते!"

दारं बसली. चौकटीला ती चार बोटं आखूड पडली, म्हणून शेळी अजूनही खालून डोकं घालून चौकशी करते. सुगंधाबाई रोज दुपारी नातवंडांना गरम भात वाढतात आणि त्यांचा गुडघा म्हणे आता बराच बरा आहे.

तुम्ही कधी चामोर्शीला गेलात तर भाऊंकडे जरूर जा. फक्त दार वाजवू नका. त्यांनी राहायला गेल्या गेल्या बेल बसवून घेतली आहे, आणि तुमचं बोट दाराकडे वळताना दिसलं, की आतून आधीच आवाज येतो, "बेल दाबा! बेल हाय ना बाजूले, बेल!"