दोनशे ताटं गेली कुठे?

बडोद्यात गुन्हे कमी आहेत, असं पोलीस म्हणतात. श्रेय ते घेतात. कारण मी आहे. मी लक्ष्मीकांत, समा-निजामपुरा टापूतला एकमेव खाजगी गुप्तहेर. त्याआधी एका कारखान्याच्या अग्निसुरक्षा खात्यात जन्मभर आग शोधली. एकदाही सापडली नाही, यावरून माझा दरारा लक्षात यावा. माझी सहायक योगिनी. ती माझी पत्नीही आहे, पण कामाच्या वेळी आम्ही तो विषय काढत नाही.

शनिवारी सकाळी समामधल्या मंदाकिनीताईंनी बोलावलं. ‘बडोदेकर ताट’ हा त्यांचा ऑनलाइन ग्रुप. दोनशे मराठी माणसांनी रोज आपल्या जेवणाचा फोटो टाकायचा आणि दुसऱ्याच्या वरणाला नावं ठेवायची, असा निर्मळ कारभार. पण ज्या कंपनीच्या साइटवर हा ग्रुप होता, तिने ताईंच्या पुरणपोळीखाली पोट कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात लावली. ताई पेटल्या. सगळ्यांनी रिकाम्या ताटांचे फोटो टाकून निषेध केला. कंपनीने त्याखाली भांडी घासायच्या पावडरची जाहिरात लावली. शेवटी अख्खा ग्रुप उठून ‘मोकळं अंगण’ नावाच्या नव्या जागी गेला. तिथे कोणी एक मालक नाही. ज्याचं त्याचं बिऱ्हाड वेगवेगळ्या सर्व्हरवर, आणि दारं एकमेकांना उघडी.

“आणि गेल्यापासून एक माणूस दिसलेला नाही,” ताई म्हणाल्या. “मी रोज ताट टाकते. कोणी फिरकत नाही. आता उद्या हार मानून परत त्या जाहिरातवाल्यांकडे जायचं. ग्रुपातले एकटे प्रतापराव तेवढे ‘जाऊ नका’ म्हणत होते, त्यांच्यासमोर मान खाली घालायची.” मग त्यांनी मोबाइल माझ्यापुढे ठेवला. “हे गेल्यापासून एकटीच जेवते हो. फोटो टाकला की पंगतीत बसल्यासारखं वाटायचं.”

मला गहिवरून आलं. पण ते धंद्याला शोभत नाही, म्हणून मी भिंगातून त्यांचा मोबाइल तपासला. रिकामा पडदा आणखी मोठा दिसला.

“उघड आहे,” मी म्हणालो. “बडोद्याने स्वयंपाक सोडलाय. सामूहिक उपास!”

“समोरून फोडणीचा वास येतोय,” योगिनी म्हणाली.

“तो मुद्दाम सोडलेला आहे. किंवा मग ही दोनशे माणसं मुळात नव्हतीच. कंपनीने तयार केलेली खोटी नावं!”

“मग दिवाळीत त्यातली तीसेक माणसं आपल्याकडे येऊन श्रीखंड खाऊन गेली, ती कोण?”

मी तर्क बदलला. कर्तबगार माणूस एकाच तर्काला चिकटून बसत नाही. संशयित एकच उरला: प्रतापराव. त्यांच्या भरिताला ताईंनी एकदा ‘मीठ विसरलात’ असं चारचौघांत लिहिलं होतं. यापेक्षा कमी कारणावरून राज्यं बुडाली आहेत.

दुपारी, प्रतापराव भाजीला येतात त्या खंडेराव मार्केटात मी दुधी भोपळ्यांच्या ढिगाआड दबा धरला. भाजीवाला चहाला गेलेला. “काका, दूधी शुं भाव?” एका बाईंनी विचारलं. पाळत उघडी पडू नये म्हणून नाइलाजाने दोन दुधी विकावे लागले. इतक्यात प्रतापराव आले. मी मागून त्यांच्या पिशवीत डोकावलो.

“लक्ष्मीकांतराव, पिशवीत काय हुंगताय?”

“पुरावा! ताईंच्या अंगणातली माणसं कुठे दडवलीत?”

“माझ्याच अंगणात काळं कुत्रं फिरकत नाही,” प्रतापराव म्हणाले. “मी नको म्हणालो होतो, पण सगळे गेले म्हणून गेलो. रोज ताट टाकतो. एक माणूस येत नाही. आणि बोलावल्याशिवाय कोणाच्या दारात जायची आमच्या घराण्याची रीत नाही. बराबर ने?”

संध्याकाळी ताईंच्या घरी मी निकाल जाहीर केला. “गुन्हेगार प्रतापराव! स्वतःकडे कोणी येत नाही म्हणून रडतात, बोलावल्याशिवाय जाणार नाही म्हणतात. निव्वळ कांगावा!”

योगिनीने मेथी निवडता निवडता मान वर केली. “ताई, तुम्ही तिथे कोणाच्या घरी जाऊन फॉलोचं बटण दाबलंत?”

“मी? अगं, ग्रुप माझा! आपण होऊन कशी कोणाच्या दारात जाऊ? आधी बोलावणं नको?”

“झालं तर. दोनशे माणसं ताटं वाढून, दार उघडं टाकून बोलावण्याची वाट बघत बसलीत. जुन्या जागी दिवाणखाना एकच होता, भेट आपोआप व्हायची. इथे एकमेकांकडे उठून जावं लागतं. बस, एटलुंज. एवढंच.”

“मी हेच म्हणणार होतो,” मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

ताई मोबाइल हातात धरून घुटमळल्या. “आधी कोणाकडे जाऊ?”

योगिनीने प्रतापरावांचं पान उघडून दिलं. तिथे रोजचं ताट होतं. भरीत, पिठलं, करपलेली भाकरी. आणि प्रत्येक फोटोखाली एकच ओळ: ‘मंदाकिनीताई, आज मीठ जमलंय का?’

ताईंनी पदराने डोळे टिपले. मग फॉलोचं बटण दाबलं आणि लिहिलं, ‘मीठ फोटोत कळत नाही. डबा घेऊन या.’

लगेच उत्तर आलं: ‘निघालो.’

ताई ताडकन उठल्या. “बाकीची दारं उद्या ठोठावू, योगिनी. आणि लक्ष्मीकांतराव, तुम्ही अजून बसलाय? चालो, आवजो! निघा आता. माझ्याकडे जेवायला माणूस येतोय.”