रेघेअलीकडचा तिप्पण्णा

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये सोलापुरातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात असे निदर्शनास आले की, रुग्ण येतात, येऊन थांबतात, आणि त्या थांबण्याची कोणतीही नोंद ठेवली जात नाही. थांबणं चालू शकलं असतं. नोंद नसणं चालण्यासारखं नव्हतं. सबब, 'तातडीच्या सेवेत सुधारणा व रुग्णांच्या प्रकृतीवर तिचा परिणाम' या विषयावर संशोधन मंजूर झालं.

संशोधन अधिकारी म्हणून श्री. नागनाथ होटगीकर रुजू झाले. सोबत बत्तीस रकान्यांचे छापील तक्ते आणि एका हायस्कुलाच्या ड्रिल मास्तरांकडून उसनं आणलेलं स्टॉपवॉच. माणूस मनाचा वाईट नव्हता. तक्त्यावर मुंगी आली तर फुंकर घालून तिला बाजूला करी, मग लिही.

आठवडाभर फाटकाशी उभं राहून त्यांनी मोजलं. फाटकातून आत आल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत सरासरी एक्केचाळीस मिनिटं. वरून ठरून आलेलं उद्दिष्ट होतं नऊ. उशिराची कारणंही त्यांना सापडली. डॉक्टर एक, टेबल एक, औषधांच्या कपाटाची किल्ली एक, आणि ती किल्ली खिशात घालून भांडारपाल रोज जेवायला घरी जात. पण डॉक्टर, टेबल, किल्ली आणि जेवण हे चारही विषय संशोधनाच्या कक्षेबाहेरचे होते. कक्षेत एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे आगमन कशाला म्हणायचं.

प्रथम फाटकात शिरणं म्हणजे आगमन होतं. ते व्हरांड्याच्या पायरीवर आणलं, तेव्हा सरासरी तेवीसवर आली. मग ते विभागाच्या दारात आणलं. दारात चुन्याची एक पांढरी रेघ ओढण्यात आली आणि परिपत्रक निघालं: 'रुग्णाचे पाऊल रेषेपलीकडील जमिनीस लागणे म्हणजे आगमन. तत्पूर्वी सदर इसम रुग्ण समजला जाऊ नये.' डॉक्टरांचे हात मोकळे झाले, टेबल पुसून झालं, किल्ली जेवून आली, की मग रखवालदार एकेकाला रेघ ओलांडू देई. सरासरी आठ मिनिटांवर आली.

रेघेअलीकडे एक कडुनिंब होता. त्याच्या सावलीत माणसं बसत, कण्हत, एकमेकांच्या जखमांना वारा घालत. त्यातलं कुणी घेरी येऊन पडलं तर ते इस्पितळाच्या आकड्यांत येत नसे. ते हवामानासारखं होतं. दिसायचं, पण त्याची जबाबदारी कुणाकडे नसायची.

रोज सकाळी ती रेघ ओढायचं काम आया पारूबाईकडे आलं. तिनं उभ्या जन्मात दारात नुसती रेघ कधी ओढली नव्हती. हात आपसूक वळायचा आणि रेघेच्या दोन्ही टोकांना गोपद्म उमटायचं. होटगीकरांनी लेखी हरकत घेतली: मोजमापाच्या साधनावर नक्षी नको. पारूबाईनं गोपद्मं पुसली, आणि रेघ ओढताना तोंडानं गुणगुणायला लागली. गाण्याला रकाना नव्हता.

*दारातल्या रेघेपाशी, बाई, अडला गं कुनाचा धनी*
*आला असून आला न्हाई, त्येला पाहील आता कोनी*

अशा एका दुपारी वळसंगहून नीलम्मा आपल्या नवऱ्याला घेऊन आली. तिप्पण्णाला ज्वारीच्या धाटांत घोणस चावली होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजून तुकतुकीत झाला होता. दीर कल्लप्पा आणि एक टांगेवाला अशा दोघांनी त्याला धरून फाटकापासून रेघेपर्यंत आणला. डॉक्टर बिराजदार आतच होते. त्या दिवशी हातही रिकामे, टेबलही रिकामं, आणि नवल म्हणजे किल्लीसुद्धा हजर.

होटगीकरांनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. पायाच्या सुजेमुळे नव्हे. सापाच्या विषावरची लस द्यायची तर आधी थोडीशी टोचून ती सोसते का ते बघावं लागे, त्याला पंधरा मिनिटं जात. म्हणजे सापवाला माणूस रेघ ओलांडून आत आला, की उपचार सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागलीच. आठवड्याची सरासरी तेव्हा आठ पूर्णांक नऊवर टेकलेली होती. शनिवारी पाहणीची समिती यायची होती.

त्यांनी मार्ग सुचवला. चाचणी रेघेबाहेरच करून घ्यावी. डॉक्टर म्हणाले, रेघेबाहेर जो बसलाय तो तुमच्याच परिपत्रकाप्रमाणे रुग्ण नाही. रुग्ण नसलेल्या माणसाला सुई कशी टोचू? तेव्हा स्थिती अशी ठरली की, चाचणी झाल्याशिवाय आत यायचं नाही, आणि आत आल्याशिवाय चाचणी व्हायची नाही. दोघांनाही हे पटलं. दोघंही हळहळले.

नीलम्मा रेघेवर येऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला.

"सायेब, ह्यांना आत घ्या की."

"बाई, आमचाही नाइलाज आहे. सरासरी बिघडते."

"कुनाची?"

"सगळ्यांची."

"त्या सगळ्यांनला काय चावलंय?" नीलम्मा म्हणाली. "माझ्या मालकाला साप चावलाय. सापानं घड्याळ बघितलं न्हवतं."

होटगीकरांनी ही बाब शेऱ्याच्या रकान्यात घेण्याचं आश्वासन दिलं. कडुनिंबाखाली तिप्पण्णाच्या पापण्या जड होऊ लागल्या होत्या. कल्लप्पा त्याच्या गालावर चापट्या मारून मारून गावातल्या बैलांची नावं विचारत होता. पहिली चार तिप्पण्णानं बरोबर सांगितली. पाचव्या बैलाला त्यानं आपल्या सासऱ्याचं नाव दिलं.

पारूबाई केरसुणी घेऊन तिथंच उभी होती. परिपत्रक तिला वाचता येत नव्हतं, पण दिवसातून दहादा कानावर पडून ते तिला पाठ झालं होतं, ओवीसारखं.

"सायेब, येक इचारू? पाऊल जिमिनीला लागलं की मानूस आला, व्हय?"

"होय."

"आन् पाऊल लागलंच न्हाय, तर?"

होटगीकरांनी फाइल उघडली. परिपत्रक वाचलं, पुरवणी वाचली, शुद्धिपत्रकही वाचलं. मग मान वर न करता म्हणाले, "तर आगमन नाही."

"म्हंजी घड्याळ बी न्हाय."

"नाही."

"मंग त्यो आलाच न्हाय की. न आलेल्या मानसाला उचलून न्हेला तर तुमचं काय जातंय?"

होटगीकरांनी बत्तीसही रकाने बोटानं तपासून पाहिले. त्यांचं काहीच जात नव्हतं. ही गोष्ट त्यांना नोकरीत प्रथमच आढळली होती.

व्हरांड्यातली खुर्ची आणली. तिप्पण्णाला तीत बसवलं. चार पायांना चौघं हवेत. कल्लप्पा आला, टांगेवाला आला, उपचार घेऊन घरी निघालेला दातदुखीचा एक गृहस्थ गाल धरूनच आला. चौथं कुणी मिळेना. बायकांनी खांदा द्यायचा नसतो म्हणतात. नीलम्मानं कुणाला विचारलं नाही, खुर्चीचा पाय धरला आणि खांद्यावर घेतला.

खुर्ची वर उचलली आणि तिप्पण्णा खाडकन जागा झाला. लिंगायताचं माणूस शेवटच्या वाटेला बसवून नेतात, हे वळसंगच्या पोरासोरांनाही ठाऊक. आपण उंचावर बसलोय, खाली चौघं आहेत, पुढं बायको आहे आणि तिचे डोळे भरलेत, एवढं त्यानं पाहिलं.

"कल्ल्या, बसवून कुटं न्हेतोस रं? आजून जित्ता हाय मी. आडवं घ्या."

दातदुखीवाला चपापून थांबला. म्हणाला, "आडवं कसं घ्यायचं पावनं? आमच्यात आडवंच नेत्यात की."

रेघेवर खुर्ची अधांतरी अडली. बसवून न्यावा तर रुग्ण ऐकेना, आडवा न्यावा तर खांदेकरी तयार होईना. होटगीकर फाइलीत बघू लागले. शेवटी नीलम्मानं दात खाऊन सांगितलं, "अर्धं बसवा, अर्धं आडवं करा, पर आत घाला." तशा तिरक्या अवस्थेत, पाय हवेत धरून, तिप्पण्णा रेघेवरून पलीकडे गेला. आला मात्र नाही.

डॉक्टरांनी चाचणी घेतली. पंधरा मिनिटं गेली, पण ती कुणाच्याच नावावर पडली नाहीत. लस दिली. तिसऱ्या दिवशी तिप्पण्णानं पाचव्या बैलाचं खरं नाव सांगितलं आणि नीलम्मा इतक्या वेळानं प्रथम खाली बसून रडली.

घरी सोडताना थोडी अडचण आली. जो आलाच नाही त्याला सोडायचं कसं? बरा झालेला पाय खाली टेकवला असता तर आगमन झालं असतं आणि बऱ्या माणसावर उपचार सुरूच होणार नसल्यानं न संपणारी प्रतीक्षा अंगावर आली असती. म्हणून धडधाकट तिप्पण्णाला चौघांनी पुन्हा उचललं आणि कडुनिंबाखाली नेऊन उभा केला.

शनिवारी समितीपुढे होटगीकरांनी तक्ता ठेवला. उचलून आणलेले रुग्ण: एक. प्रतीक्षाकाळ: शून्य. बरे होण्याचं प्रमाण: शंभर टक्के. समितीतल्या वडीलधाऱ्या सदस्यांनी चष्मा पुसून ते शून्य दोनदा पाहिलं. एवढं गोल शून्य त्यांनी याआधी कुठल्याच जिल्ह्यात पाहिलं नव्हतं.

सोमवारपासून नियम झाला: यापुढे प्रत्येक रुग्ण चौघांनी उचलूनच आणावा. चालत येणाऱ्यांना परत पाठवण्यात येईल. माळशिरसहून कानात खडा गेलेला एक मास्तर एकटाच आला होता, त्याला रखवालदारानं विचारलं, "चौघं कुटं हायत?" मास्तर चौघं आणायला परत माळशिरसला गेला. टेंभुर्णीजवळ ट्रक उलटला, त्यातले सातजण आले. त्यांनी एकमेकांना उचलायचं ठरवलं. पण उचलणाऱ्याचं पाऊल जमिनीला लागे, आणि तोही रुग्णच असल्यानं त्याचं आगमन होई. सातही जण कडुनिंबाखाली बसले. तिथं पारूबाई आपल्या परीनं पाणी पाजत होती, पट्ट्या बांधत होती. तिच्या कामाला रकाना नसल्यानं ते बिनबोभाट चालू होतं.

वर्तमानपत्रात बातमी आली: 'अपघात विभागातील प्रतीक्षा शून्यावर'. तुम्ही वाचली असेल. मीही वाचली. बशीतला चहा संपवून आपण दोघंही म्हणालो, बघा, सुधारतंय हळूहळू.

आता फाटकाशी एक वही ठेवली आहे. अंगात धमक आहे तोवर जाऊन आपल्या चौघांची नावं लिहून यायची. तिप्पण्णाच्या वेळचा घोळ पुन्हा नको, म्हणून शेवटी एक रकाना वाढवलाय: बसवून की आडवं. मी जाऊन आलो. माझे तीन झाले. चौथ्या जागी तुमचं नाव घातलंय, हरकत नसावी. फक्त त्या दिवशी तुम्ही स्वतःच कडुनिंबाखाली चौघांची वाट बघत बसलेले नसावेत, एवढंच.