भरलेला वर्ग

शनिवारी सकाळी आठ वाजता संस्थेची समिती अर्थशास्त्राचा वर्ग पाहायला येणार, असं शुक्रवारी दुपारी कळलं आणि दिनानाथ सर डोकी मोजायला बसले. पटावर चाळीस मुलं होती, तासाला तीन यायची, आणि त्यातलं एक पंख्याखाली झोपायला. वर्ग ओस दिसला तर पुढच्या वर्षीपासून विषय ऑनलाइन, असं प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. बेलापूरच्या त्या कॉलेजात सरांनी अठ्ठावीस वर्षं खडू झिजवला होता. कोविडच्या दिवसांत मात्र ते लॅपटॉपवरच्या काळ्या चौकोनांना शिकवायचे, आणि एकदा तर सगळे निघून गेल्यावरही अर्धा तास महागाई समजावत बसले होते. तशी वेळ पुन्हा येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मग त्यांना रविवारची मंडळी आठवली. त्याच वर्गात दर रविवारी दूरशिक्षणाचे विद्यार्थी जमायचे. रबाळ्याच्या कारखान्यातले कामगार, न्हावा शेवा बंदरातले ट्रेलरवाले, दिवाळे गावच्या मासळीवाल्या. पुस्तकं घरपोच, यायची सक्ती नाही, तरी एकूण एक हजर. सरांनी त्यांच्यातल्या मासळीवाल्या कमळीबाईंना फोन लावला.

"उद्या सकाळी येता का? समिती येतेय. बाकं रिकामी दिसायला नकोत. रोजचे विद्यार्थी म्हणून बसायचं."

"शनवारी मावरं कोन घेतंय, सर? येते मी. बाकीच्यांना पन आनते. आमची रुतिका तुमच्याच वर्गात हाय, ती असेलच ना?"

सरांनी रुतिका हे नाव फक्त हजेरीपटावर पाहिलं होतं. "असेलच," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी पावणेआठलाच वर्ग तुडुंब भरला. नेहमीची तिघं बावचळून कोपऱ्यात बसली. कमळीबाईंनी आल्या आल्या लेकीला शोधलं. "लायब्ररीत असेल," सर फळ्याकडे बघत म्हणाले. समितीच्या सुमेधा मॅडम येऊन मागच्या बाकावर टेकल्या, आणि त्यांची नजर शेजारच्या तुळशीरामच्या पिकल्या मिशांवर गेली.

"तुम्ही रेग्युलरला?"

"हो मॅडम. मधे जरा गॅप पडला."

"किती?"

"सव्वीस वर्षं. ट्रेलरवर होतो."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. सरांच्या हातातला खडू मोडला. मॅडमचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून त्यांनी घाईघाईने वर्गाला प्रश्न टाकला, "नाशवंत मालाची किंमत कोण ठरवतं?"

कमळीबाई उभ्या राहिल्या. "दुपारपरत मी. दुपारनंतर बर्फ."

वर्ग हसला. कमळीबाई हसल्या नाहीत. "टीव्हीवाला आज नाय तर उद्या विकेल. आमचा माल उद्याला थांबत नाय. म्हनून संध्याकाली गिऱ्हाईक शानं होतं."

मॅडमचं लिहिणं थांबलं. "याला म्हणतात वर्गातलं शिक्षण," त्या म्हणाल्या. सरांच्या जिवात जीव आला.

तोच जिन्यावर धडधड ऐकू आली. ऑफिसातल्या क्लार्कने सद्‌हेतूने मुलांच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'समिती वर्गात आहे. गैरहजरांना परीक्षेला बसता येणार नाही.' उरलेली सदतीस मुलं, कुणी चहाच्या टपरीवरून तर कुणी गादीवरून उठून, दारात येऊन थडकली. आत मुंगीला शिरायला जागा नव्हती.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

सर मोडक्या खडूचे तुकडे जुळवू लागले. खरं सांगावं तर वर्ग जाणार, आणि थाप सुचेना. तेवढ्यात घोळक्यातून बारीक आवाज आला, "आई?"

कमळीबाईंनी वळून पाहिलं. रोज सातला डबा घेऊन कॉलेजला म्हणून निघणारी रुतिका दारात उभी होती, पहिल्यांदाच आल्यासारखी वर्ग न्याहाळत. कमळीबाईंना काय समजायचं ते समजलं.

"मॅडम, ही दूरशिक्षनवाली पोरं," त्या शांतपणे म्हणाल्या. "कालिजात येत नाय. घरूनच शिकतात."

हे खोटं आहे असं म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. मॅडमनी त्यांना तोच नाशवंत मालाचा प्रश्न विचारून पाहिला. सदतीस तोंडं मिटलेली राहिली.

"बघा, वर्ग सुटला की असं होतं," मॅडम कळवळून म्हणाल्या. "सर, तुमचा वर्ग चालूच राहील. या बिचाऱ्यांनाही अधूनमधून बसवत जा." आणि त्या निघून गेल्या.

सरांनी कमळीबाईंना हात जोडले. "तुमच्यामुळे वर्ग वाचला. तुमच्यासाठी काय करू, सांगा."

"येकच करा. हिला खरंच दूरशिक्षनाला घाला, म्हंजे बाजारात माझ्या जागेवर बसंल. आन तिच्या जागेवर मला घ्या."

रुतिका तडक आत आली आणि पहिल्या बाकाच्या कडेला जागा करून बसली. कमळीबाईंनी पिशवीतून मोबाइल काढला आणि दारातल्या बाकीच्यांकडे वळल्या. "आता तुमच्या आयशीचे नंबर द्या बघू, येकेक करून."

रविवारच्या मंडळींनी उठून बाकं मोकळी केली आणि दोन मिनिटांत वर्ग पुन्हा भरला. जाताना तुळशीरामने दार ओढून घेतलं.

सरांनी हजेरीपट उघडला. पहिलं नाव घेतलं, 'हजर' कोण म्हणालं ते वर मान करून नीट पाहिलं, चष्मा पुसला आणि दुसरं नाव घेतलं. चाळीस नावांना चाळीस चेहरे लावता लावता तास संपला. शिकवायचं राहूनच गेलं, पण वर्षभरात इतका छान तास झाला नव्हता, असं सरांना मनापासून वाटलं.