तीन पायांचं यान

वामनभाऊंनी चंद्रावर उतरणारं यान केलं आणि त्याला पाय तीनच केले. का, तर मिळालेल्या सगळ्या फोटोंत तीनच दिसत होते. चौथा मागे लपलेला असणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. वामनभाऊंनाही कळत होतं. पण जे दिसत नाही ते करायचं नाही, हा त्यांचा बाणा. चौथ्या पायाच्या जागी त्यांनी सरळ वीट लावली होती. माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

आमच्या दीपनगरच्या कॉलनीत त्यांचं आणि आमचं क्वार्टर भिंतीला भिंत लावून. वामनभाऊ वीज केंद्रात ड्राफ्ट्समन. एक चष्मा नाकावर, दुसरा खिशात. बायको सिंधू, माझी मैत्रीण, काही वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. तेव्हापासून ड्युटीवरून आले की हा माणूस पुठ्ठे कापत बसायचा. रॉकेटं काय, उपग्रह काय. शोकेस भरलं तेव्हा ती रॉकेटं स्वयंपाकघरात तिखटमिठाच्या डब्यांशेजारी जाऊन उभी राहिली.

बोलणंही तसंच. आभाळ काळंकुट्ट झालेलं असताना विचारावं, भाऊ, पाऊस येईल का, तर म्हणायचे, "आला की सांगतो." आणि कुठल्याही कामात नाक खुपसून एकच वाक्य, "अंदाजपंचे नाही चालायचं, वहिनी." मी वरणात मीठ अंदाजाने घालते हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी चोरीच केली.

त्या वर्षी कॉलनीच्या गणपतीचा देखावा पहिल्यांदा आम्हा बायकांकडे आला. आला म्हणजे, आम्ही भांडून घेतला. सभेत एक साहेब हसत हसत म्हणाले, बायकांनी रांगोळीचं बघावं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की आम्ही चंद्र दाखवणार आणि त्यावर उतरलेलं यानही. यान करणारा माणूस भिंतीपलीकडेच होता, तेव्हा मला वाटलं, अर्धं काम झालं. कसलं डोंबल!

वाचनालयातली जुनी मासिकं, कुठलंसं कॅलेंडर, भुसावळच्या रद्दीवाल्याकडची पानं, असे यानाचे मिळतील तेवढे फोटो त्यांनी भिंतीवर टाचले आणि भिंग घेऊन बसले. नवा फोटो सापडला की जुनं काम उखडायचं. एका फोटोत अंग सोनेरी, तर दुसऱ्यात काळं. आम्ही बायकांनी घराघरांतून चॉकलेटचे सोनेरी कागद गोळा करून दिले, तर म्हणे, फोटोत इतक्या सुरकुत्या नाहीत. बरं बाई. आम्ही हलक्या हाताने त्या कागदांवर इस्त्री फिरवली. तर म्हणे, आता फारच कमी झाल्या. अँटेनासाठी माझी चहाची गाळणी उचलून नेली ती नेलीच, घरात फडक्याने चहा गाळायची पाळी आली. आमचे हे म्हणाले, एवढ्या वेळात खऱ्या यानाने चंद्रावर दोन चकरा मारल्या असत्या.

एवढं सोसून शेवटी पाय तीन!

स्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी यान न्यायला हातगाडी दारात आली. हातगाडीवाल्याने एकदा यानाकडे बघितलं, एकदा विटेकडे. "अक्का, हाई ते लंगडं शे," तो म्हणाला. मग माझा तोल गेला. मी आत जाऊन वामनभाऊंना वाट्टेल ते बोलले. तुमच्या हट्टापायी उद्या ते साहेबलोक आमच्या तोंडावर हसतील, पुन्हा कुणी बायकांच्या हाती देखावा देणार नाही. तीन पाय आहेत ना, त्यांच्यासारखाच चौथा करायचा, त्यात काय मोठं? ते नुसते मान हलवत राहिले. तेव्हा मीच पुठ्ठा ओढला आणि कात्री लावली.

वामनभाऊंनी माझ्या हातातली कात्री धरली.

"वहिनी, तिकडे बघा."

भिंतीवर सिंधूचा फोटो होता. मोठा केलेला, रंगवलेला, चंदनाचा हार घातलेला.

"तिचा फोटो एकच होता," ते म्हणाले. "तिच्या भावाच्या लग्नातला, घोळक्यातला. चेहऱ्याची डावी बाजू कुणाच्या तरी फेट्यामागे गेलेली. ती गेल्यावर तो मोठा करायला दिला. स्टुडिओवाला म्हणाला, ही बाजू दिसते ना, मग तिच्यासारखीच दुसरी करून देतो. मी हो म्हटलं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आता डोळे मिटले तरी हाच चेहरा येतो. ती अशी नव्हती. पण कशी होती, ते आता मला आठवत नाही."

कात्री मी खाली ठेवली. मी उठून फोटोजवळ गेले. खरंच की, दोन्ही बाजू सारख्या, एकीवरून दुसरी छापून काढलेली. इतके दिवस त्या फोटोला हात जोडत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या मेल्या स्टुडिओवाल्याचा असा संताप आला की विचारू नका. बाहेर जाऊन मी हातगाडीवाल्याला सांगितलं, आहे तसं ने, विटेसकट. हसणाऱ्यांना खुशाल हसू दे, एकेकाला मी बघून घेते.

परत आत आले तेव्हा वामनभाऊ तसेच बसले होते. सिंधू आणि मी रोज संध्याकाळी पायरीवर भाजी निवडत बसायचो. ती कायम माझ्या उजव्या हाताला. तिचा डावा गाल माझ्याइतका कुणी बघितला नसेल.

"वामनभाऊ," मी म्हटलं, "तिची डावी भुवई मधेच तुटलेली होती. लहानपणी केळीच्या बागेत पाय घसरून दगडावर आपटली होती. मला तिनेच सांगितलं होतं."

त्यांनी खिळ्यावरून फोटो उतरवला, हार काढून बाजूला ठेवला आणि फोटो मांडीवर घेतला. कुठे, म्हणून विचारलं. मी काचेवर बोट ठेवलं. त्यांनी खिशातला दुसरा चष्मा लावून ती जागा बघितली आणि मला रडू आवरेना.

"होती," ते हळूच म्हणाले. "होती, वहिनी. आणि हसली की तेवढीच वर जायची."

खरंच जायची. ते मात्र मी विसरले होते.