तांडेल वकिलांचा रविवारचा क्लास

आधी नाव सांगतो: तांडेल वकील. त्या दिवशी आम्हाला सांभाळलं ते त्यांनी. काय झालं ते मागून येईलच.

बोईसरला त्यांच्या बैठ्या चाळीत आम्ही भाड्याने राहतो. त्यांच्या आणि आमच्या खोलीच्या मधे एक फळ्यांची भिंत. मी हिंगोलीकडचा, शाळा नववीत सुटली, आता तारापूरला कापडाच्या कारखान्यात आहे. वकील म्हटलं की मला अजून घाम फुटतो. पण हे वकील पहिल्यांदा दिसले ते रविवारी सकाळी, दार उघडं टाकून बसलेले. वर काळा कोट, गळ्याला पांढरे बँड, खाली चौकड्यांची लुंगी. मोबाइल सुक्या जवळ्याच्या बरणीला टेकवलेला, आणि हे त्याच्यासमोर ताठ.

"काय वो वकीलसाहेब," माझी बायको सुनीता म्हणाली, "वरून हायकोर्ट अन् खालून बंदर?"

"क्लास हाय माजा. कॅमेरा पोटापर्यंतच बघतो."

वकिलांना कसला क्लास? मला नवल वाटायचं. दवाखान्यांच्या कायद्यात नवीन काय आलं, ते दर रविवारी कोणीतरी मोठे वकील शिकवायचे. पेशंटचे कागद कोणाला दाखवायचे, फोनवरून औषध देता येतं का, असलं सगळं. तांडेल वकिलांकडे येणारी माणसं मात्र बांधाच्या भांडणाची. दवाखान्याची केस एकही नाही. विचारलं तर म्हणायचे, "भरती कधी हाय ते आदी बघून ठेवायचं. होडी मागून."

क्लास संपला की भिंतीपलीकडे सगळा धडा पुन्हा मोठ्याने, आणि शेवटी ठरलेलं: "कळलं काय? मग सांग बघू." थोडा वेळ शांतता. मग चहाचं भांडं वाजायचं.

एकदा सुनीताच्या अंगावरून रक्त जायचं थांबेना. पालघरला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई घाईत होत्या. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल, उद्याच. मी मान हलवली. भीती वाटली की माझी मान आपोआप हलते. आम्हाला अजून मूल नाही, आणि आत सुनीताला यातलं काहीच माहीत नव्हतं.

वकिलांना फोन लावला. ते आले, कोट घालून. खाली पँटसुद्धा.

"तू हो बोललास?"

"हो, काका."

"पिशवी कोनाची?"

मी आत सुनीताच्या खाटेकडे बोट केलं.

"मग तिला कोनी इचारलं?"

मला वाटलं, आता भांडण. पण वकिलांनी डॉक्टरबाईंना हात जोडले. "मी वकील हाय, पन आलोय शेजारी म्हनून. तिला तिच्या भाषेत सांगा. मी पन ऐकतो, मी अजून शिकतोच हाय."

बाई थबकल्या. मग खुर्ची ओढून सुनीताजवळ बसल्या आणि सगळं नीट सांगितलं. वकिलांनी खाटेकडे वाकून विचारलं, "कळलं काय? मग सांग बघू."

सुनीता हळूहळू बोलली. "आत गाठ हाय. बारकी हाय. औषधानं थांबलं तर थांबलं, नाही तर नुसती गाठबी काढता येती. पिशवी काढली की लेकरू नाही." मग डॉक्टरबाईंकडे बघून म्हणाली, "मला लेकरू पाहिजे, बाई. आधी औषध द्या."

"चालेल. औषधाने सुरुवात करू," बाई म्हणाल्या.

औषध लागू पडलं. सुनीताला घरी आणताना उमरोळीजवळ रिक्षात मी विचारलं, "काका, रविवारी धडा झाल्यावर तुम्ही मलाच विचारता का, कळलं काय म्हणून?"

"तुला कशाला?" ते हसले. "आमची मंडळी मासळी विकायची. शाळेत गेली नाय कदी. कोर्टात जायच्या आदी केस तिला सांगायचो. तिला परत सांगता आली, तर मला कळली." बाहेर बघत म्हणाले, "आता ती नाय. तोंडाला सवय राहिली."

पुढच्या रविवारी भिंतीपलीकडून आलं, "कळलं काय? मग सांग बघू." सुनीताने मला कोपराने ढोसलं.

मी ओरडलो, "अर्धं कळलं, काका!"

चहाचं भांडं वाजलं नाही. बऱ्याच वेळाने आवाज आला, "मग अर्धं सांग. ऱ्हायलेलं मी परत सांगतो."

अजून माझी गाडी अर्ध्यावरच अडते. पण एक रविवार असा येईल, की त्यांचा अख्खा धडा मी भिंतीच्या या बाजूने न अडखळता परत सांगेन. त्यांचे उपकार फेडायचे तर असेच फेडीन.