आबांची गिअर-तपासणी

बाळंतपणाच्या रजेनंतर सूनबाईंचा कामावरचा पहिला दिवस. नऊच्या ठोक्याला हजेरी, आणि गाडीचा गिअर पार्किंगच्या ‘पी’मधून हलायला तयार नव्हता.

गाडी ऑटोमॅटिक. ब्रेक दाबला की दांडा ‘पी’तून पुढे सरकतो, एवढंच तिचं शास्त्र. सूनबाईंनी ब्रेक दाबला. ‘कुईं’ असा आवाज आला. दांडा ढिम्म.

“उतर. कुणी हात लावायचा नाही,” सासरे म्हणाले. आबा बत्तीस वर्षं कारखान्यात तपासनीस होते. निवृत्त झाल्यापासून कुकरच्या शिट्ट्यांची नोंद ठेवत. चष्मा बदलून ते आत बसले. “ब्रेक दाबला. कुईं. दांडा हलत नाही. लिहून घे.”

“आबा, साडेआठ झाले.”

“तेही लिही.”

कडेवरच्या सात महिन्यांच्या चिमीने परवापासून रबरी बदक हरवलं म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. आजपासून दिवसभर तिला आबाच सांभाळणार होते. नवरा फिरतीवर. सूनबाईंना खरी काळजी होती ती याची. गिअर ही वरकड कटकट.

पुन्हा ‘कुईं’ झालं आणि चिमी रडायची थांबली.

“बेअरिंग गेलं,” आबा म्हणाले.

कोपऱ्यावरचा मिस्त्री आला. त्यानेही दाबून पाहिलं. कुईं. “केबल असेल काका. नाहीतर गिअरबॉक्सच उतरवावा लागेल.”

चिमी खदखदून हसली. नेमकं काय बिघडलंय ते एकट्या तिलाच कळलं होतं. पण तिला अजून बोलता येत नव्हतं.

मिस्त्रीने शेवटी खाली वाकून पेडलखाली हात घातला आणि चपटं झालेलं बदक बाहेर काढलं.

“ताई, ब्रेक पूर्ण दबतच नव्हता. गिअर ठणठणीत आहे.”

दांडा सरकला. टक, टक, टक. चिमीने बदक हातात घेऊन दाबलं. त्याचा आवाज कायमचा बसला होता. तिने ते फेकून दिलं आणि टाहो फोडला. आबांनी घाईघाईने गाडीत बसून तिला मांडीवर घेतलं, ब्रेक दाबून दांडा ओढला. टक. चिमी हसली. आबा थांबले. टाहो.

“आबा, मला गाडी हवीय.”

“तू रिक्षाने जा,” आबा दांड्यावरची नजर न काढता म्हणाले. “इंजिन बंद, नुसती चावी फिरवलेली, हँडब्रेक वर. आमची तपासणी चाललीये.”

संध्याकाळी सूनबाई धावतच फाटकातून आत शिरल्या. गाडी जागच्या जागी होती. दारं उघडी. आबांच्या छातीवर चिमी गाढ झोपलेली, तिची मूठ दांड्यावर. शेजारी वही:

‘पी ते डी, चारशे बारा फेऱ्या. गिअर निर्दोष. बॅटरी उतरली. कारण : तपासणी.’

“आबा…”

“शू,” आबा डोळे न उघडता कुजबुजले. “पाच चाळीसला झोपली. लिहून घे.”