जंगलाच्या राजाचे चार स्क्रू

जगात कुठेही दोन शिकारी एका जागेत आले की प्रश्न एकच उभा राहतो : आधी कोण जेवणार? आफ्रिकेत हा प्रश्न दात, नखं आणि संख्याबळ यांच्या जोरावर सोडवतात, त्यामुळे तो तिथे रोज नव्याने सोडवावा लागतो. पुण्यात तो एकदाच, बैठकीत, चहाच्या आधी सुटला. पुढारलेपण म्हणतात ते यालाच.

कोथरूडच्या पलीकडे, टेकडीच्या उतारावर एका विश्वस्त संस्थेचं प्राणी उद्यान आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे ‘आफ्रिका विभाग’ सुरू झाला. एका बाजूला सिंह, मधे भिंत, पलीकडे ठिपक्यांची तरसं : एक मादी, दोन नर. उद्घाटनाला पाच भाषणं झाली. त्यांत सिंहाचा उल्लेख ‘वनराज’ असा एकतीस वेळा झाला आणि तरसांचा ‘इत्यादी’ असा एकदा.

या विभागात आहार वाटायचं काम कचरू ओव्हाळ करत असे. वय चौसष्ट, राहणार येरवडा, दोन बस बदलून येणार. कचरू वयाच्या बावन्नाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात बसून वाचायला शिकला. उशिरा शिकलेल्यांना एक वाईट खोड असते, ते कागद शेवटपर्यंत वाचतात. उद्यानाची आहार नियमावली एकोणीस पानांची होती. ती तयार करणाऱ्यांनी, मंजूर करणाऱ्यांनी आणि पानोपानी सह्या करणाऱ्यांनी ती वाचलीच नव्हती, असा आरोप कोणी करू नये. कचरूने मात्र वाचली होती.

नियमावलीत मांसाहारी प्राण्यांचे दोन वर्ग होते. ‘शिकार करणारे’ : यांना ताजं मांस. ‘उष्टं खाणारे’ : यांना पहिल्या वर्गाने सोडलेलं. सिंह पहिल्या वर्गात गेला, कारण तो राजा. तरसं दुसऱ्या वर्गात गेली, कारण समितीच्या सातही सदस्यांनी लहानपणी तसंच ऐकलं होतं. (सातांपैकी पाच जण आफ्रिकेला जाऊन आले होते. पण पाचही जणांना तिथे सिंह दिसला, त्यामुळे इतर काही बघायचं राहून गेलं.)

आता उष्टं म्हणजे काय, हेही समितीने मोघम ठेवलं नव्हतं. सिंह मांसापासून दूर गेल्यावर दोन तास ते तसंच पडलं, तर ते उष्टं. तोवर ते ‘चालू भोजन’. आणि आरोग्याच्या कलमाप्रमाणे चार तासांपेक्षा जुनं मांस कोणालाही द्यायचं नाही. सिंहाला दहा वाजता वाढत. तो साडेदहाला जेवायचा थांबे आणि उरलेल्या मांसावर पंजा ठेवून दीडपर्यंत झोपे. म्हणजे उष्टं साडेतीनला तयार होई आणि दोनलाच बाद झालेलं असे. हाडांचा उल्लेख नियमावलीत करायचा राहिला होता, म्हणून हाडांवर कळप जगला.

पशुवैद्य डॉ. नाजिमा यांनी समितीला पत्र लिहिलं. ठिपक्यांचं तरस आपलं बहुतेक अन्न स्वतः मारून मिळवतं. उलट सिंहच पुष्कळदा त्याच्या तोंडचा घास हिसकावतो, असा त्यात मजकूर होता. समितीचं उत्तर तत्परतेने, म्हणजे सात आठवड्यांत आलं : “वनराजांवर चोरीचा आळ घेणारे आपले पत्र दप्तरी दाखल केले आहे. तरस शिकार करते असा दावा असल्यास, त्याने शिकार केल्याचा पुरावा जोडावा. उद्यानाच्या आवारात शिकार करण्यास सक्त मनाई आहे, याचीही नोंद घ्यावी.”

अडचण आणखी एक होती. नोंदवहीत ‘कळपप्रमुख (नर)’ असा रकाना होता, आणि कळपप्रमुखाला रोज एक वाटी शक्तिवर्धक मिळे. तरसांत मादीचं राज्य. कळपातला सगळ्यात मोठा नरसुद्धा तिच्यानंतर जेवतो. पण रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून एका हडकुळ्या नराला कागदोपत्री प्रमुख करण्यात आलं. वाटी समोर आली की तो एक पाऊल पुढे येई, मादीकडे बघे आणि काही विसरल्यासारखा मागे वळे. कचरूला हे समजावून सांगावं लागलं नाही. येरवड्यात त्याच्या घराच्या दारावरही नाव त्याचंच होतं.

मादीला तो आक्का म्हणत असे. आक्काला दोन पिल्लं झाली, आणि वाटी व हाडं यांवर तिचं दूध महिन्याभरात आटायला लागलं. एका सकाळी धाकटं पिल्लू उठलं नाही. नुसतं डोळे उघडे ठेवून पडलं होतं.

“ओव्हाळकाका, फार तर आठवडा,” नाजिमा म्हणाल्या. “आईला पोटभर मांस मिळालं तर दोन्ही वाचतील. नाहीतर मला दोन दाखले लिहावे लागतील.”

कचरू अधीक्षक श्रीनिवास साहेबांकडे गेला.

“साहेब, आक्काला ताजं द्या थोडं. पिल्लू जातंय.”

“अहो, मी काय नको म्हणतोय का?” साहेब म्हणाले. “माझं मन तुमच्यापेक्षा हळवं आहे. पण तरसाला ताजं दिलं, की उद्या कोल्हा अर्ज करील.”

“कोल्ह्याला लिहिता येत नाही, साहेब.”

“तुम्हालाही येत नव्हतं. आता बघा.”

त्या संध्याकाळी कचरूने नियमावली पुन्हा काढली. बायको चंद्रभागा पोळ्या लाटत होती.

“त्यात काय मांस सापडणार आहे?” ती म्हणाली.

“वाचू दे.”

“वाच. तेवढंच शिकलास म्हातारपणी. माणसानं काहीतरी उपयोगाचं शिकावं, पोहायला वगैरे.”

सतराव्या पानावर, बारीक टायपात, ते होतं. पिंजऱ्यातील प्राण्याच्या ओळखीबाबत शंका उद्भवल्यास पिंजऱ्यावरील पाटी अंतिम मानावी.

कचरूने ते तीनदा वाचलं. मग त्याने चंद्रभागेला विचारलं, “आपला पान्हा कुठंय?”

“पान्हा कशाला?”

“स्क्रू आहेत. पान्हा नको. पेचकस दे.”

सकाळी साडेसहाला, दार उघडायच्या आधी, सत्तांतर झालं. आफ्रिकेत याला कळपच्या कळप लागतात, रक्त सांडतं, हरलेला राजा लंगडत निघून जातो. इथे एका पाटीला चार, असे आठ स्क्रू लागले. एक जरा गंजला होता.

दहा वाजता श्रीनिवास साहेब वनराजांच्या जेवणाला जातीने हजर राहिले, कारण ते रोजच राहत. त्यांनी पाटी वाचली : ‘आफ्रिकन सिंह’. मग जाळीआड बघितलं. आक्काने त्यांच्याकडे बघितलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि पाटी पुन्हा वाचली. कचरूने मांसाची गाडी जाळीपाशी आणली. नोकरी गेली तर गेली, पण पिल्लापाशी दुसरा आठवडा नव्हता.

“महाराज जरा उतरलेत,” साहेब म्हणाले.

“उन्हाळा आहे, साहेब.”

“आयाळ?”

“गळाली.”

“हं.” साहेबांनी वहीत टिकमार्क केला. “वय होतं माणसाचं. वाढा पोटभर.”

आक्काने सोळा किलो मांस वीस मिनिटांत संपवलं, हाडांसकट. उष्टं म्हणून काही राहिलंच नाही. पलीकडे सिंह भिंतीला तोंड लावून गरजत होता. त्या गर्जनेवर दुपारी परिपत्रक निघालं, की तरसांनी आपल्या वर्गाला न शोभेल असा आवाज काढू नये.

चौथ्या दिवशी धाकटं पिल्लू उभं राहिलं. पडलं, आणि पुन्हा उभं राहिलं. नाजिमा जाळीपाशी बराच वेळ बसल्या. मग त्यांनी दोन्ही पाट्या वाचल्या, कचरूकडे बघितलं आणि तपासणीच्या कागदावर लिहिलं : सिंहाची पिल्लं ठणठणीत.

“काका, पण सिंहालाही उपाशी मारायचं नाहीये,” जाता जाता त्या म्हणाल्या. “जंगलात तोही रोज जेवत नाही. दिवसाआड चालेल.”

तेव्हापासून राज्य दिवसाआड बदलतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार सिंह सिंह असतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार तरस सिंह असतं. दोघांच्याही तब्येती सुधारल्या. सिंहाचं पोट उतरलं, तो उपासाच्या दिवशी चालायला लागला. वार्षिक अहवालात ‘वनराजांच्या संख्येत दोनने वाढ’ अशी नोंद झाली आणि समितीने स्वतःचं अभिनंदन करणारा ठराव एकमताने संमत केला.

अकरा महिन्यांत सुमारे दोन लाख लोक येऊन गेले. तक्रार एकच आली. शनिवार पेठेतल्या तनुजाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, यांनी लेखी कळवलं की रविवारी पाहिलेल्या सिंहाला आयाळ होती आणि मंगळवारी पाहिलेला पाठीत वाकलेला असून हसत होता. साहेबांनी त्यांना सन्मानाने बोलावून पाटी दाखवली. बाईंनी ती मोठ्याने वाचली, शुद्धलेखन तपासलं आणि तक्रार मागे घेतली.

चंद्रभागेला अजून धाकधूक वाटते.

“कोणीतरी ओळखील रे एक दिवस. एवढी शिकलेली माणसं येतात.”

“म्हणूनच नाही ओळखणार,” कचरू म्हणतो. “मला वाचता येत नव्हतं, तेव्हा मी जनावराकडे बघायचो.”

आपणही सुट्टीत आला होतात. जाळीपुढे उभं राहून मुलांना सांगितलंत, बघा, राजा कसा असतो ते, नजरेतच जरब. पाठ वळवून सहकुटुंब फोटो काढलात आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलात. बावन्न जणांनी हात जोडले, एकाने ‘जय वनराज’ लिहिलं. फोटो अजून फोनमध्ये असेल. चेहरा बघत बसू नका, तारीख बघा. तो गुरुवार होता.